सीमाभागात माणूस आधी मराठी-कानडी, की आधी वकील-डॉक्टर?

प्रश्न : खानापूरकर विद्यार्थी

मंडळींना नमस्कार. मी बेळगावात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मराठी, बाजारात कानडी आणि महाविद्यालयात इंग्रजी हा आमच्याकडील बहुतेकांचा शिरस्ता आहे. सुट्टीत एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी करताना असे दिसले, की बार रूममध्ये मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे वकील एकमेकांच्या डब्यातले खातात, एकमेकांच्या तारखा सांभाळून घेतात आणि ज्या सीमाप्रश्नावर बाहेर घसे कोरडे पडतात, तो विषय आत सहसा काढीत नाहीत. व्यवसायाचे ज्ञान पुस्तकातून येते, की या मंडळीत बसल्याने? आणि तेथे बसून माझी मूळ ओळख पुसट होते का? वडील म्हणतात, वकील झालास तरी आपल्या माणसांचा राहा. सीनियर म्हणतात, अंगावर कोट चढला की अशिलाचा राहा.

उत्तर : जुना वकील, टिळकवाडी

कायदा पुस्तकात असतो, वकिली चेंबरमध्ये असते. कैफियतीचेच, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचेच पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8, नियम 5 प्रमाणे दाव्यातील जे विधान प्रतिवादी स्पष्टपणे नाकारीत नाही, ते त्याला कबूल आहे असे सर्वसाधारणपणे धरले जाते. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. प्रत्यक्षात वादीने एकाच कलमात चतुःसीमा, वहिवाट आणि वाटणीची तारीख गुंफलेली असते. त्यातील चतुःसीमा खरी, वहिवाट अर्धी खरी आणि तारीख खोटी असते. अशा वेळी ‘कलम 4 मधील मजकूर मान्य व कबूल नाही’ एवढे लिहून मोकळा होणारा ज्युनियर अशिलाला गोत्यात आणतो, कारण उलटतपासात खरी चतुःसीमा त्याच्याच तोंडून वदवून घेतली जाते आणि मग त्याचे बाकीचे नकारही संशयास्पद ठरतात. माझ्या सीनियरांनी असे एक कलम लाल शाईने तीन ठिकाणी तोडून प्रत्येक तुकड्यासमोर वेगळे उत्तर लिहून दाखवले, तेव्हा तो नियम मला कळला.

ते सीनियर कानडी होते. हा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने जमिनीचे पुष्कळ जुने कागद मोडीत आहेत. ते वाचून घेण्यासाठी सीनियर शेजारच्या टेबलावरील मराठी वकिलांकडे जात आणि त्या बदल्यात त्यांचे कानडी मसुदे तपासून देत. हे देणेघेणे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

ओळखीचे म्हणाल, तर ती पुसली जात नाही, पण तिची बोलण्याची रीत बदलते. सीमाप्रश्न आम्ही काढीतच नाही असे नव्हे. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा विषय निघाला, की आमच्यातील मराठी आणि कानडी दोघेही आधी राज्यघटनेच्या अनुच्छेद 131 (राज्यांचे आपसातील वाद सर्वोच्च न्यायालयाकडे) आणि अनुच्छेद 3 (राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे) यांवर येतात. हा वाद न्यायालयाच्या कक्षेतला, की संसदेच्या, यावर तावातावाने बोलतात आणि चहा आला की थांबतात. बाहेरच्या माणसाला हा कोरडेपणा वाटतो. घरीही मी तक्रारीला कलमवार उत्तरे देतो, अशी आमच्या मंडळींची तक्रार आहे. ती मात्र मी नाकारीत नाही.

उत्तर : निवृत्त इतिहास शिक्षक, निपाणी

वकीलसाहेबांनी जे सांगितले त्याला फार जुनी परंपरा आहे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठे मुळात संघच होती. बोलोन्यात विद्यार्थ्यांच्या संघाने शिक्षक नेमले, पॅरिसात शिक्षकांनी आपला संघ केला. फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींनी तर पाथरवटांच्या संघातील शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद या पायऱ्या दगडाला हात न लावणाऱ्या सभासदांसाठीही चालू ठेवल्या. 1717 मध्ये लंडनला त्यांची पहिली मध्यवर्ती संस्था झाली आणि सभेत धर्म व राजकारण यांवर वाद घालायचा नाही हा दंडक त्यांनी घातला. आपल्या बार रूममध्ये तो न लिहिता पाळला जातो इतकेच.

लंडनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षेबरोबर ‘इन’ म्हणविणाऱ्या वकिलांच्या संस्थेच्या सभागृहात ठराविक वेळा सहभोजनाला हजर राहणेही बंधनकारक होते. ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मायदेशात पंक्तीला बसण्याचा हक्क नव्हता, त्यांना ग्रेज इनमध्ये त्याच पंक्तीला बसणे नियमानेच प्राप्त होते. मात्र 1923 मध्ये ते मुंबईस परतले आणि वकिली करू लागले, तेव्हा येथे तीच जात आडवी आली. सनद एक होती, तरी पंक्ती निराळी होती.

संघ जसा आत घेतो तसा बाहेरही काढतो. 1922 मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर इनर टेंपल या लंडनमधील अशाच संस्थेने गांधीजींचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून कमी केले. म्हणजे डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणारा माणूस त्याच्या व्यवसायबंधूंच्या लेखी बॅरिस्टर उरला नव्हता. ते नाव पुन्हा लागले 1988 मध्ये. त्या अधिवेशनाचे यजमानपद सांभाळणारे गंगाधरराव देशपांडेही वकिलीचे शिक्षण घेतलेलेच होते. विद्यार्थ्याने वडिलांचा सल्ला इतक्यात बाजूला ठेवू नये.

उत्तर : डॉक्टर, अथणी

सरांचे आणि वकीलसाहेबांचे म्हणणे खरे आहे, पण ते आत बसलेल्यांचे आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा हिंदुस्थानात झाला 1923 मध्ये. मधली 31 वर्षे हे डब्यातले देणेघेणे कोणासाठी होते?

आमच्या व्यवसायातही ज्ञान आपसातच फिरते. खेड्यातील आजी ‘जीव घाबरा होतो’ म्हणते आणि केसपेपरवर धडधड असे लिहून शिकाऊ डॉक्टर पुढे जातो. तिला दम लागतो, की साखर उतरते, की खरोखर ठोके चुकतात, हे पाहण्यासाठी ‘पायऱ्या चढताना होतं की बसल्या बसल्या, जेवणाआधी की नंतर?’ असे विचारावे लागते. मला हे कोणा प्राध्यापकांनी नव्हे, तर कानडी आणि मराठी दोन्ही अस्खलित बोलणाऱ्या वॉर्डातील आयाबाईंनी शिकवले. आमच्या कोणत्याही संघटनेत त्यांना प्रवेश नाही. विद्यार्थ्याने बार रूममध्ये जरूर बसावे, पण कारकून आणि न्यायालयाचे हुकूम बजावणारे बेलिफ यांच्यापाशीही बसावे.

खानापूरकर विद्यार्थी

आपणा सर्वांचा आभारी आहे. उमेदवारीसाठी मराठी सीनियर पाहावा की कानडी, एवढे सांगावे.

जुना वकील, टिळकवाडी

भाषेवरून पाहू नका. जो कैफियतीचा पहिला मसुदा तुम्हाला लिहायला लावील आणि तो फाडून परत देईल, तो पाहा. डॉक्टरबाईंचा सल्लाही धरा, दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, ताबा कसा मिळतो हे बेलिफाइतके कोणाला कळत नाही. साक्षी कानडीत नोंदल्या जातात, म्हणून सराईतपणे कानडी वाचता यायलाच हवे. पुढे धारवाड खंडपीठात अपील गेले की काम इंग्रजीत चालते. मोडी शिकायची असेल तर शनिवारी दुपारी या, कागद माझ्याकडे पुष्कळ आहेत.