शब्दचर्चा: 'जुना' गेम, आणि त्याची किंमत, दर की भाडं?

नव्या कन्सोलवर डाउनलोड करून मिळणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेम्सच्या किमतींवर लिहितोय आणि शब्दांपाशीच अडलोय. 'जुने गेम' लिहिलं की वाचणारा लगेच म्हणतो, मग एवढे महाग का? 'अभिजात गेम' लिहिलं की बैठकीत मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. 'क्लासिक' तसाच ठेवू का? दुसरं, त्यासाठी मोजायच्या पैशांना किंमत म्हणायचं, दर की मूल्य?

प्रतिसाद

घोळ 'जुना'मध्येच आहे. बाजारात या शब्दाला दोन अर्थ आहेत: वय झालेला आणि वापरलेला. 'जुनी सायकल घेतली' म्हटलं की कुणीतरी आधी चालवलेली, आणि म्हणून स्वस्त, हे ऐकणारा धरूनच चालतो. 'झेल्डा' या गेमचं १९८७ चं अमेरिकी कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खुपसायची गेमची डबी) आज घेतलं तर ते दोन्ही अर्थांनी जुनं. आत सेव्ह टिकवणारी बॅटरी असते, ती मान टाकते. लेबलावर आधीच्या मालकाने पेनाने नाव घातलेलं असतं. डाउनलोड केलेला तोच गेम वयाने जुना, पण कोरा. त्याला कुणाचा हात लागलेला नाही. तक्रार करणारा वापरलेल्याचा भाव मागतो आणि विकणारा कोऱ्याचा लावतो. 'जुन्या काळातला' लिहा, निम्मं भांडण मिटेल. 'क्लासिक' मात्र सगळ्यांनाच लावू नका. जुना असणं हे काही कर्तृत्व नव्हे.

प्रतिसाद

'किंमत' आणि 'दर' यांत फरक करा. किंमत त्या एका वस्तूची, दर त्या प्रकारच्या सगळ्या मालाचा. निन्टेन्डोने २००६ मध्ये वी कन्सोलसोबत 'व्हर्च्युअल कन्सोल' ही जुने गेम डाउनलोड करून विकायची सोय आणली, तेव्हा अमेरिकेत एनईएस या जुन्या कन्सोलचे गेम सहसा ५०० पॉइंटला, सुपर एनईएसचे ८०० ला आणि निन्टेन्डो ६४ चे १००० ला मिळत. १०० पॉइंट म्हणजे १ डॉलर. म्हणजे 'सुपर मारिओ ब्रदर्स' ५ डॉलर आणि 'अर्बन चॅम्पियन'ही ५ डॉलरच! ज्याने दुसरा खेळलाय त्याला माझं दुःख कळेल. गेम कसा आहे हे कुणी बघतच नव्हतं, मूळ यंत्र कोणतं एवढंच बघायचे. हा सरळ दर झाला. 'मूल्य' इथे नकोच, तो भाषणातला शब्द.

(अवांतर: 'गेम' आमच्याकडे पुल्लिंगी. स्त्रीलिंगी म्हणणाऱ्यांनी 'त्याचा गेम केला' कसं म्हणायचं ते सांगावं.)

धागाकर्ता

दर पटला. पण आता बरेच जुने गेम सुटे मिळतच नाहीत. २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलची 'स्विच ऑनलाइन' ही सेवा सुरू झाली तेव्हा अमेरिकेत एका माणसाला वर्षाचे १९.९९ डॉलर होते, त्यातच एनईएसचे गेम. त्या पैशांना मी 'वर्गणी' लिहिलंय.

प्रतिसाद

वर्गणी नाही जमत. मासिकाची वर्गणी बंद केली तरी आलेले अंक माळ्यावर राहतात. इथे पैसे भरायचे थांबलात की आधी खेळलेला गेमही उघडत नाही. घर सोडलं की किल्ली परत, तसं. म्हणून 'भाडं'.

आणि 'विकत घेतला' हेही जपून वापरा. वी कन्सोलवरचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला. पैसे देऊनही तो गेम दुसऱ्याला विकता येत नाही. हातात पडतो तो वापरायचा परवाना. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच लागू झालाय: ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा डिजिटल मालाला 'विकत घ्या' म्हणता येत नाही. एका क्रियापदासाठी कायदा! आपण इथे फुकट भांडतोय.

प्रतिसाद

'भाडं' एका वस्तूचं असतं हो. इथे गेम्सचा अख्खा ढीग मिळतो.

प्रतिसाद

सामानासकट खोली भाड्याने घेतो, तेव्हा खुर्चीचं भाडं वेगळं मोजतो का?

धागाकर्ता

'वर्गणी' काढून 'भाडं' केलं. 'क्लासिक' दोनच गेम्सपुरता ठेवला. 'विकत' तीनदा आला होता, त्यातला दोनदा खोडला. तिसरा कार्ट्रिजबद्दल आहे, तो राहू दिला.