‘द ऑरेंजेस’ आणि ‘आपल्याकडे असलं घडत नाही’ म्हणणारे

रातांबा (दापोली)
काल इथेच एकांनी ‘द ऑरेंजेस’ पाहून लिहिलं की ही नाती नासलेल्या समाजाची गोष्ट आहे, कोकणात दारात तुळस आणि मनात शेजारधर्म असल्यामुळे असलं काही घडत नाही. वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

चित्रपट 2011 चा, जुलियन फरीनोचा. न्यू जर्सीतलं वेस्ट ऑरेंज, समोरासमोरची दोन घरं, वॉलिंग आणि ऑस्ट्रॉफ. वर्षानुवर्षांचा घरोबा. ऑस्ट्रॉफांची मुलगी नीना ठरलेलं लग्न मोडून घरी येते. आईला वाटतं, समोरच्या टोबीशी जुळावं. जुळतं ते टोबीच्या बापाशी, डेव्हिडशी. डेव्हिड म्हणजे नीनाच्या बापाचा, टेरीचा, जिवलग मित्र.

बहुतेकांना यात वयाचं अंतर तेवढं दिसलं. मला दिसलं ते वेगळं. डेव्हिड आणि पेजचा संसार आधीच थंड पडलेला होता. नव्याने मोडते ती टेरी-डेव्हिडची मैत्री. दोन बायकांचं येणंजाणं बंद होतं, सणाचं जेवण एकत्र होत नाही. नवरा-बायको वेगळे झाले तर निदान कोर्ट आहे. दोन शेजारी वेगळे झाले तर कोण निवाडा करणार? आणि हे वाडीत होत नाही म्हणता? दोन घरांत बोलणं का बंद आहे हे पोरांना न सांगता गणपतीत आरतीला एक घर वगळून पुढे जाणारे आपणच ना?

खाडीकाठ
चित्रपट इतका डोक्यावर घेण्यासारखा नाही. डेव्हिडला सगळं माफ. ह्यू लॉरी चेहऱ्याने सज्जन दिसतो म्हणून प्रेक्षक त्याच्या बाजूने जातो. पेज संतापून नाताळच्या सजावटीवर गाडी घालते, तर तो विनोदी प्रसंग! एवढ्या वर्षांच्या संसाराचा अपमान झालेल्या बाईला हसायचं? आणि गोष्ट सांगते कोण, तर मुलगी व्हेनेसा. तिची बालमैत्रीण आता बापाची प्रेयसी झाली आहे. तिचं दुःख एवढं मोठं, पण तेही चटकन आवरतं घेतलंय. मी चित्रपटाच्या नव्हे, पेजच्या बाजूने आहे.

रातांबा
पेजवर अन्याय झाला हे मान्य. पण दिग्दर्शक तिला रडत बसवत नाही, ती घराबाहेर पडून स्वतःचं काही उभं करते, हे सोयीस्कर विसरलात.

कायद्याचा विद्यार्थी
पेज भारतात असती तरी या नात्याबद्दल तिला फौजदारी तक्रार करता आली नसती. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 ला व्यभिचाराचं कलम 497 रद्द केलं, त्याबद्दल लोक अजून हळहळतात. पण ते कलम होतं तेव्हाही तक्रार फक्त ‘त्या’ विवाहित बाईच्या नवऱ्याला करता यायची. फसवलेल्या बायकोला नाही. नीना तर अविवाहित, म्हणजे गुन्हाच नव्हता. पेजला घटस्फोटासारखा दिवाणी मार्गच उरला असता.

घाटावरची सून
कायद्याचं ठीक, पण आमच्याकडे निवाडा गावकी करते. माझ्या सासरी, गुहागर तालुक्यात, अगदी असंच झालं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा प्रकरण ताजं होतं. लागून दोन घरं, सामाईक विहीर. या घरचा बाप्या, त्या घरची विधवा. बैठक बसली. त्याला दंड, नारळ देवापुढे ठेवून मोकळा. पुढच्या शिमग्याला तो पालखीच्या खांद्याला! तिचं घर मात्र वाळीत. विहिरीवर पोहरा सोडायचा नाही, पालखी तिच्या अंगणात थांबायची नाही. तिची सासू गेली तेव्हा खांदा द्यायला माहेरहून माणसं आली. ती ओटीवर उभी राहून पालखी पुढे जाताना बघायची, हे मी पाहिलंय. तिच्याशी बोलल्याबद्दल मला घरातून ऐकावं लागलं. वेस्ट ऑरेंजमध्ये नीनाला लोक नावं ठेवतात, पण तिचं पाणी कुणी तोडत नाही.

चाकरमानी, दिवा
एका गोष्टीवरून सगळी गावकी झोडपायची फॅशन झालीय. गावकी नसती तर पालखी कुणी नाचवली असती? देवळाचं छप्पर, पाखाडी, मयताची लाकडं हे सगळं कोण बघतं? आमचं मुंबई मंडळ वर्गणी काढून गावाला पाठवतं. धाक राहिला नाही तर वाडी राहणार नाही. शहरात शेजारी कोण ते माहीत नसतं, तसं हवंय का?

घाटावरची सून
मयताची लाकडं गावकी बघते म्हणता? तिच्या सासूच्या वेळी कुठे होती? तुम्ही शिमगा-गणपतीला येता, मे महिन्यात आंबे खाता आणि गाडीत बसता. उरलेले महिने त्या विहिरीवर आम्ही असतो. धाक फक्त बाईला का, एवढं सांगा.

चाकरमानी, दिवा
वैयक्तिक होऊ नका. मी गावचा आहे, घर माझ्या बापाने बांधलंय. मला गाव शिकवायची गरज नाही.

कायद्याचा विद्यार्थी
वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, दादा. 1949 चा मुंबई राज्याचा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द केला. त्यानंतर कितीतरी वर्षं पोलिसांकडे नेमकं कलम नव्हतं. रायगडमधली प्रकरणं एकामागून एक बाहेर आल्यावर मागणीने जोर धरला आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, 3 जुलै 2017 पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. बैठकीत बसून तसा ठराव करणारेही सुटत नाहीत.

वेंगुर्ल्यातलो
कायदो आसा, पण तक्रार करून परत त्याच वाडीत ऱ्हवाचा आसता ना! आमच्याकडे असल्याच भानगडीवरून दोन घरांच्या मधी गडगो घातलो. भानगड करणारी दोघांय कधीचीच गेली. गडगो आसा तसोच आसा. नातवंडा एकाच शाळेत जातत, पण वाटेत एकामेकाक वळखत नाय.

रातांबा
हेच मी म्हणत होतो! नातवंडांपर्यंत पोचणारी ही तेढ. चित्रपटात शेवटी दोन्ही घरांची माणसं हळूहळू पुन्हा जवळ येऊ लागतात. खाडीकाठ, तुम्हाला हेही चटकन आवरतं घेतलेलं वाटेल, मला नाही वाटलं. टेरी पोटच्या मुलीचा बाप असूनही मित्राचा कायमचा वैरी होत नाही. तेवढं मन आपल्या किती घरांत आहे?

खाडीकाठ
ते पात्र ऑलिव्हर प्लॅटने सांभाळलंय, एवढं देते तुम्हाला. पण टेरीच्या मोठेपणाचं कौतुक करताना पुन्हा पुरुषाच्याच मैत्रीपाशी आलात. नीनाच्या आईचं काय? मुलगी तिची, मैत्रीण पेज तिची, दोन्हीकडून तीच पोळली. तिच्याबद्दल या धाग्यात अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

चाकरमानी, दिवा
कायदा वाचला. विहीर बंद करणं चूक, ते मी कधी बरोबर म्हटलं नव्हतं. पण पालखी कुणाच्या अंगणात न्यायची हा देवाचा आणि मानकऱ्यांचा प्रश्न आहे, त्यात पोलीस नकोत.

कायद्याचा विद्यार्थी
धार्मिक रीतीत भाग घेऊ न देणं हेही त्याच कायद्यात बहिष्कारात मोडतं. पालखी सुटत नाही.

घाटावरची सून
विहीर चूक म्हणालात ना? मग गणपतीत गावच्या बैठकीला बसाल तेव्हा हेच उभं राहून बोला, आणि पाण्याला कुणालाही अडवायचं नाही असं गावकीच्या वहीत लिहून घ्या. मुंबई मंडळाचा शब्द तिथे चालतो. पालखीचं आपण त्यानंतर भांडू.