वीस हजारांत, एसटीने गावी नेता येईल अशी दुर्बीण सुचवा

रानजाई

नमस्कार मंडळी. आकाश बघायला पहिलीच दुर्बीण घ्यायची आहे. बजेट वीस हजार, फार तर दोनेक हजार वर. राहायला डोंबिवलीत, तिसरा मजला, गॅलरी दक्षिणेला. पण खरं आकाश गावी, पाटणच्या पुढे. तिथे दिवाळीत, मे महिन्यात आणि जमेल त्या शनिवार-रविवारी जाणं होतं, तेही एसटीने. म्हणजे मांडीवर मावेल एवढीच वस्तू हवी.

लहानपणी अंगणात गोधडीवर पडून वडिलांनी मला नक्षत्रं दाखवली. सप्तर्षीला ते अजूनही खाटलंच म्हणतात. आता माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला शनीची कडी बघायची आहे. ऑनलाइन शोधलं तर जिथे तिथे "५२५ पट मोठं दिसेल" असं लिहिलेलं. ७० मिमी व्यासाची, ९०० मिमी फोकल लेन्थची तिवईवाली दुर्बीण मनात भरली आहे. घेऊ का? तिच्यातून पक्षीही दिसतील का? गावी धनेश येतात.

सह्यवाट

७०/९०० मी चार वर्षं वापरली. भिंग चांगलं असतं, चंद्र रेखीव दिसतो. अडचण तिवईची. फोकसचं चाक नुसतं बोटाने फिरवलं की चंद्र पाच-सहा सेकंद डोलत राहतो, तो थांबेपर्यंत थोडा बाजूलाही सरकलेला असतो. लहान मुलं तर डोळा लावतानाच नळी धरतात. शिवाय नळी जवळपास मीटरभर लांब. एसटीत मांडीवर नाही बसणार.

निशाचर

ताई, आधी त्या ५२५ पटीचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

फोकल लेन्थ म्हणजे भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, आणि आयपीस म्हणजे डोळ्याकडचं भिंग. दुर्बिणीची फोकल लेन्थ भागिले आयपीसची फोकल लेन्थ, एवढाच पटीचा हिशोब आहे. बारीक आयपीस आणि बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग) जोडून कुठल्याही नळीतून कागदावर ५०० पट काढता येते. पण प्रतिमा कामाची राहते ती साधारण व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंत. ७० मिमीला १४०, त्यापुढे नुसता अंधूक गोळा. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते २० पटीच्या आसपासच्या दुर्बिणीतून. तेव्हा खोक्यावर पट मोठ्या अक्षरात आणि व्यास बारीक अक्षरात छापला असेल, तर ते खोकं खाली ठेवा.

बघायचं ते व्यास आणि बूड, म्हणजे खालची बैठक. या बजेटच्या आसपास मी डोळे मिटून टेबलटॉप डॉबसोनियन सांगेन. आरशाची आखूड नळी, खाली लाकडी फिरकी बैठक, तिवई नाहीच. वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. स्काय-वॉचर हेरिटेज १३०पी ही त्यातली माझ्या आवडीची: १३० मिमी आरसा, ६५० मिमी फोकल लेन्थ. ७० मिमीच्या मानाने सव्वातीन-साडेतीन पट प्रकाश गोळा होतो. नळी दाबून मिटली की जवळपास निम्मी होते. वजन सहा किलोच्या आसपास, म्हणजे बळकट पिशवीत घालून मांडीवर. २५ आणि १० मिमीचे आयपीस सोबत येतात, त्यातून २६ आणि ६५ पट मिळते. पहिलं वर्षभर याहून काही लागत नाही. बजेट ताणूनही ती बसली नाही, तर १०० मिमी/४०० मिमीची धाकटी बहीण घ्या, किंवा ११४ मिमीची डॉब. ७६ मिमी/३०० मिमीची सगळ्यात छोटीही मिळते. तिच्यात चंद्र आणि गुरूचे चंद्र छान दिसतात, पण पट वाढवली की ती लवकर दमते.

डॉबला टेबल लागतं, आणि इथे लोक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन पुन्हा तिवईचंच दुखणं विकत घेतात. गावी दगडी जोतं, पाण्याच्या टाकीचा कट्टा असं काहीतरी असेलच. मी आमच्या घरी तांदळाचं भरलेलं पिंप वापरतो. त्यावर पाट, पाटावर दुर्बीण. उंची बेताची येते आणि भरलेलं पिंप हलत नाही.

पक्ष्यांसाठी मात्र ही नाही. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. ताऱ्यांना काही फरक पडत नाही, धनेशाला पडतो.

खाडीकाठ

निशाचर यांच्याशी सहमत. माझ्या चुकीपासून कुणी वाचावं म्हणून लिहिते. १२७ मिमी आरसा, फोकल लेन्थ १००० मिमी आणि नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर, अशी एक घेतली होती. एवढ्याशा नळीत एवढी फोकल लेन्थ कशी, हे विचारायचं सुचलंच नाही. फोकसरच्या, म्हणजे आयपीस बसतो त्या नळकांड्याच्या, आत एक जादा भिंग बसवलेलं असतं. त्यामुळे आरसे एका रेषेत आणणं, म्हणजे कोलिमेशन, नवख्याला जवळपास अशक्य होतं. वर बारीक पायांचा इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ध्रुवाच्या दिशेने जुळवायची बैठक. ध्रुव शोधून त्याचा अक्ष लावेपर्यंत मुलं झोपून जायची. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. तीन वर्षं ती कपाटावर आहे आणि अजून मनाला लागतं, कारण मुलांची ती उत्सुकता पुन्हा तशी आली नाही. फोकल लेन्थ आणि नळीची लांबी यांचा मेळ बसत नसेल तर घेऊ नका.

दुसरं, सूर्य. काही दुर्बिणींसोबत आयपीसला लावायची काळी काच "सोलर फिल्टर" म्हणून येते. ती उष्णतेने तडकू शकते, आणि तेव्हा डोळा तिथेच असतो. मिळाली तर फेकून द्या. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडाला, पूर्ण तोंड झाकेल असाच. मुलीला पहिल्या दिवशी हेच सांगा.

सह्यवाट

धनेशासाठी आणि रात्रीसाठीही १०×५० ची (दहा पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. कृत्तिका दुर्बिणीत जेमतेम मावतात, द्विनेत्रीत अख्ख्या दिसतात. देवयानीतली दीर्घिकाही तिच्यातूनच आधी शोधायची.

रानजाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ७०/९०० चा विचार सोडला. पण १३० न बघताच मागवायची धास्ती वाटते. आणि शनीचं काय, मुलीला शब्द दिला आहे.

निशाचर

न बघता घेऊच नका. कर्जत लोकलने वांगणी तुम्हाला जवळ. तिथे खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे रात्रभराचे कार्यक्रम होतात. पुण्याला जाणं होत असेल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, १९४४ पासूनची. वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावा, उचलून बघा. कुणी सभासद मोठी घेण्यासाठी जुनी विकत असेल तर तिथेच कळतं. वापरलेली डॉब घ्यायला हरकत नाही, फक्त आरशावर टॉर्च मारून बुरशीचे डाग बघा.

शनीचं मुलीला आधीच समजावून सांगा. २०२५ च्या मार्चमध्ये कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसत होती, म्हणजे जवळपास दिसतच नव्हती. आता ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जाईल, २०३२ च्या सुमारास पूर्ण. तोवर गुरू दाखवा. चार चंद्र आज एका बाजूला तीन, उद्या दोन-दोन, हे तिने सलग चार रात्री वहीत काढलं तर गॅलिलिओने काय केलं ते तिला आपोआप कळेल.

उन्हाळ्यात गावी गेलात तर चित्रा नक्षत्र दक्षिणेला डोक्याच्या जरा खाली आलं की तिथून सरळ क्षितिजाकडे उतरा. हात लांब करून साडेतीन मुठी. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ तिथे आहे. पाटणहून तो पंचवीसेक अंश वर येतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही, आपल्याला अंगणातून मिळतो.

रानजाई

(तीन महिन्यांनी)

धागा वर काढते आहे. वांगणीला आम्ही दोघी जाऊन आलो, आणि १३० घेतली. वापरलेली, त्यामुळे बजेटमध्ये बसली. एसटीत कंडक्टरांनी विचारलं काय आहे, मुलीने थेट गुरूचे चंद्र सांगायला सुरुवात केली.

नेम धरायचा लाल ठिपक्याचा फाइंडर दिवसा देवळाच्या कळसावर जुळवून ठेवला, रात्रीचा त्रास वाचला. दुर्बीण जोत्यावर ठेवली. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना काही दिसेल की नाही याची मला काळजी होती. त्यांनी स्वतःच सांगितलं, वसिष्ठ लाव. लग्नात भटजी दाखवतात ती अरुंधती बाजूला होतीच, पण ६५ पटीत वसिष्ठ स्वतःच दोन झाला. एकाला एक खेटून दोन ठिपके. वडील बराच वेळ वाकून होते. मग म्हणाले, "सत्तर वर्षं मी याला एकच समजत होतो." आणि पुन्हा वाकले.

ओमेगाला अजून डोंगर आड येतोय, मे महिन्यात वरच्या वाडीत जाऊन बघू. आता एकच विचारायचं आहे. पावसाळ्यात ही गावी ठेवू की डोंबिवलीला आणू?

खाडीकाठ

डोंबिवलीला आणा. पाटणच्या पावसात बंद घरात आरशाला बुरशी धरते. वापरून झाल्यावर दव सुकेपर्यंत नळी उघडी ठेवा, मग दोन्ही टोपणं लावून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. जेल महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरडी करून घ्या. आणि आरशावर धूळ दिसली तरी कापडाने पुसू नका.