बंधाऱ्यामागे कित्येक किलोमीटर पाणी असूनही दाब केवळ खोलीवरच का ठरतो?

प्रश्न (इयत्ता नववीतील मुलाची आई, कसबा बावडा)

मुलाला सध्या शाळेत घनता आणि दाब हा भाग शिकवत आहेत. द्रवातील दाब म्हणजे खोली, द्रवाची घनता आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार, हे त्याला पाठ आहे आणि गणितेही तो बिनचूक सोडवतो. त्याची शंका मात्र गणिताच्या पलीकडची आहे. पावसाळा संपल्यावर राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे खांबांतील खाचांत एकावर एक बसवायच्या आडव्या लाकडी फळ्या, घातले की पंचगंगेचे पाणी मागे दूरवर तुंबते. तेवढ्याच खोलीच्या एखाद्या आडात त्या मानाने ओंजळभरच पाणी असते. असे असताना सारख्या खोलीवर बरग्यावरील दाब आणि आडाच्या भिंतीवरील दाब सारखाच कसा, आणि नदीतील बाकीच्या एवढ्या पाण्याचे वजन जाते कुठे, असे तो विचारतो. सूत्रात पाण्याचा साठा येत नाही म्हणून त्याचा संबंध नाही, एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही. शिवाय तळाचे बरगे काढणे सर्वांत अवघड असते असे ऐकले आहे. त्याचा या सूत्राशी काही संबंध आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (विज्ञान शिक्षक, माध्यमिक शाळा, कागल)

ताई, मुलाची शंका अगदी रास्त आहे. ‘सूत्रात नाही म्हणून नाही’ हे उत्तर त्याने नाकारले, याचे मला कौतुक वाटते, कारण सूत्र हे निरीक्षणातून येते, निरीक्षण सूत्रातून येत नाही.

प्रथम एक प्रयोग करून पाहावा. बांधकामावर गवंडी दोन टोकांची पातळी जुळवण्यासाठी जी पारदर्शक लेव्हल पाइप वापरतात, तिचा एक तुकडा घ्यावा. पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपाच्या तळाशी नळ असेल तर त्या नळाला पाइपचे एक टोक घट्ट बसवावे, दुसरे टोक पिंपाच्या काठापेक्षा उंच धरावे आणि मग नळ उघडावा. पिंपात दोनशे लिटर पाणी आहे आणि पाइपमध्ये जेमतेम पेलाभर. साठ्यावर दाब ठरत असता तर पिंपातील पाण्याने पाइपमधील पाणी वर ढकलून बाहेर उडवले असते. प्रत्यक्षात पाइपमधील पाणी पिंपातील पातळीला येऊन थांबते. पाणी थांबले याचा अर्थ नळाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे, आणि दोन्ही बाजूंना सारखी असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे नळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. हा प्रयोग मुलाने स्वतःच्या हाताने करावा. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर दोन पातळ्यांत फरक दिसेल, तेवढा बुडबुडा आधी काढून टाकावा.

आता वजनाविषयी. नदीतील पाण्याचे वजन उभ्या दिशेने खाली काम करते आणि ते नदीच्या पात्राचा तळ पेलतो. एक किलोमीटर मागे असलेल्या पाण्याचे वजन त्याच्या खालचीच जमीन तोलून धरते. ते वजन आडवे सरकत येऊन बरग्यावर बसत नाही. मग बरग्यावर आडवा दाब येतो तो कशामुळे? बरग्याला लागून असलेल्या पाण्यावर त्याच्या वरच्या पाण्याचा भार असतो, त्या भाराखाली दबलेले पाणी सर्व दिशांना सारखेच ढकलते, आणि त्यांपैकी एका दिशेला बरगा असतो.

ही शंका नवी नाही. नेदरलँड्समध्ये काम केलेला अभियंता सिमॉन स्टेविन याने १५८६ साली तिचा उलगडा करताना जी युक्ती वापरली, ती मला आजही वर्गात सर्वांत उपयोगी वाटते. स्थिर पाण्याच्या एखाद्या भागाच्या जागी तेवढ्याच घनतेचा, त्याच आकाराचा घन पदार्थ आहे अशी कल्पना केली, तर उरलेल्या पाण्याच्या दृष्टीने काहीही बदलत नाही. हीच युक्ती आपल्या बंधाऱ्याला लावून पाहू. बरग्यांच्या मागे हातभर अंतरावर नदीतच दुसरी भक्कम भिंत उभी केली, आणि मधल्या चिंचोळ्या जागेतील पाण्याची पातळी तीच ठेवली, तर बरग्यावरचा दाब कमी होईल का? होणार नाही. पूर्वी त्या मधल्या पाण्याला मागची नदी जेवढ्या बलाने आधार देत होती, तेवढ्याच बलाने आता ती भिंत देते. म्हणजे बरग्याच्या दृष्टीने मागे कित्येक किलोमीटर नदी असणे आणि हातभर रुंदीची टाकी असणे, यांत फरक उरत नाही. तुम्ही म्हणता तो आड ही तशीच टाकी आहे.

उत्तर (निवृत्त अभियंता, जलसिंचन क्षेत्र, कोल्हापूर)

सरांनी तत्त्व नेमके मांडले आहे. मी बरग्यांच्या प्रश्नापुरते आकडे देतो. हिशेबासाठी बरगा २ मीटर लांब आणि ०.३ मीटर उंच धरू, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर होईल. सर्वांत वरच्या बरग्याचा मध्य पाण्याखाली ०.१५ मीटरवर आहे, तेथे दाब १४७० पास्कल आणि बरग्यावरील बल सुमारे ८८० न्यूटन, म्हणजे अंदाजे ९० किलो वजनाइतके. ज्या बरग्याचा मध्य ३ मीटर खोलीवर आहे, तेथे दाब २९,४०० पास्कल आणि बल १७,६४० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १८०० किलो वजनाइतके. लाकूड तेच, आकार तोच, बल मात्र वीसपट.

हे बल बरग्याला खांबांतील खाचेवर दाबून धरते. बरगा वर ओढताना त्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज खाचेतील घर्षणावरही मात करावी लागते आणि घर्षण या दाबून धरणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते. घर्षणांक ०.४ धरला तर तळाच्या बरग्यासाठी केवळ घर्षणापोटीच सुमारे ७००० न्यूटन लागतील. खाचेत बसलेला गाळ आणि पाण्याने फुगलेले लाकूड यांचा त्रास वेगळाच. बरगे वरून एकेक करून काढले जातात, त्यामुळे जसजशी मागची पातळी उतरते तसतसे खालच्या बरग्यांवरील बलही घटत जाते. पावसाआधी हे काम वेळेवर झाले नाही आणि नदीला लोंढा आला की तळाचे बरगे का अडकून बसतात, ते यावरून ध्यानात येईल. खालच्या अंगाला पाणी असेल तर त्याचा उलट दिशेचा दाब वजा करावा. हवेचा दाब दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यामुळे या हिशेबात तो धरण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांची एक ठराविक चूक येथे सांगून ठेवतो. संपूर्ण भिंतीवरील बल काढताना ते तळाचा दाब घेऊन त्याला सगळ्या क्षेत्रफळाने गुणतात. दाब पृष्ठभागावर शून्यापासून तळापर्यंत एकसारखा वाढत जातो, म्हणून उभ्या आयताकृती भिंतीसाठी सरासरी दाब घ्यावा लागतो आणि तो तळाच्या दाबाच्या निम्मा असतो. ३ मीटर खोल पाणी अडवणाऱ्या भिंतीच्या दर मीटर लांबीवर ४४,१०० न्यूटन बल येते, ८८,२०० नव्हे. खोली दुप्पट केली तर बल चौपट होते, कारण सरासरी दाबही दुप्पट होतो आणि ओले क्षेत्रफळही. राधानगरीच्या धरणाची भिंत वर अरुंद आणि पायाशी इतकी रुंद का, याचे एक मोठे कारण हेच आहे. पाण्याची खोली ४० मीटर धरली तर तळाशी दाब ३,९२,००० पास्कल भरतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ चौपट.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. पिंपाचा प्रयोग केला. पाइप बारीक असो वा जाड, पाणी त्याच पातळीवर थांबते, हे पाहिल्यावर मुलाचा पहिला प्रश्न मिटला. आता तो घनतेकडे वळला आहे. पुराचे पाणी गढूळ असते, म्हणून त्याची घनता जास्त आणि म्हणून दाबही जास्त, असे म्हणता येईल का?

उत्तर (प्रयोगशाळा रसायनतज्ज्ञ, साखर उद्योग, शिरोळ)

म्हणता येईल, पण किती जास्त, ते मोजल्याशिवाय म्हणू नये. आमच्याकडे उसाच्या रसाची घनता रोज तरकाट्याने, म्हणजे ब्रिक्स हायड्रोमीटरने पाहिली जाते. उंच नळकांड्यात काठोकाठ रस भरतात, त्यातील हवा वर येऊन निघून जाईपर्यंत तो स्थिर ठेवतात, वरचा फेस काढून टाकतात आणि मगच हायड्रोमीटर सोडतात. हायड्रोमीटरचे वजन ठरलेले असते, म्हणून तो नेहमी स्वतःच्या वजनाइतकाच रस बाजूला सारतो. रस दाट असेल तर थोड्याच आकारमानात तेवढे वजन भरते आणि दांडी वर राहते. फेस किंवा हवा राहिली तर आकडा विश्वासार्ह येत नाही. तापमानही नोंदवावेच लागते, कारण रस तापला की त्याची घनता उतरते.

२० ब्रिक्सच्या रसाची घनता दर घनमीटरला सुमारे १०८१ किलो असते. ३ मीटर खोल टाकीच्या तळाशी पाण्याचा दाब २९,४०० पास्कल, तर या रसाचा सुमारे ३१,८०० पास्कल येतो. शंभर किलो रसात वीस किलो विरघळलेले घटक असूनही दाबातील फरक आठ टक्क्यांचाच.

गढूळ पाण्याचा हिशेब याच रीतीने करावा. समजा, एक घनमीटर पाण्यात ५ किलो गाळ तरंगत आहे. गाळाच्या कणांची स्वतःची घनता सुमारे २६५० असते, त्यामुळे ते ५ किलो जवळपास १.९ लिटर जागा घेतात आणि तेवढेच पाणी कमी होते. म्हणजे वाढ ५ किलोची होत नाही, सुमारे ३.१ किलोची होते, आणि घनता १००० वरून १००३ वर जाते. दाबात फरक ०.३ टक्के.

याउलट पातळीचा परिणाम पाहा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. मधले ४ फूट, म्हणजे सुमारे १.२२ मीटर पाणी चढले की आधीच बुडालेल्या प्रत्येक ठिकाणी दाब जवळजवळ १२,००० पास्कलने वाढतो, मग पाणी गढूळ असो वा नितळ. वाहत्या लोंढ्याचा मारा ही आणखी वेगळी बाब आहे आणि ती या सूत्रात येत नाही. हे सूत्र स्थिर द्रवापुरतेच आहे, हे मुलाला अवश्य सांगावे. परीक्षेत ‘पुराचे पाणी’ असे शब्द आले, तरी घनता वेगळी दिलेली नसल्यास दर घनमीटरला १००० किलो हाच आकडा त्याने खुशाल घ्यावा.