पुरावा 'ए' दर्जाचा पण शिफारस कच्ची, गाइडलाइनमधलं हे काय गौडबंगाल?

कृष्णाकाठचा
बाबा ७२ वर्षांचे. बीपी, थोडी शुगर, बाकी ठणठणीत. अ‍ॅटॅक कधी आला नाही, स्टेंट नाही. दहाबारा वर्षं रोज रात्री जेवण झालं की रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे ७५ ची अ‍ॅस्पिरिन, घेतायत. आमच्या जुन्या डॉक्टरांनी लावलेली. ते आता रिटायर झाले, नवीन डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली आणि पहिल्याच भेटीत गोळी बंद. म्हणाल्या गाइडलाइन बदलली. बाबा जाम वैतागलेत, "मग इतकी वर्षं मी काय गोळ्या-बिस्किटं खात होतो का?"

म्हटलं मूळ कागदच बघू, तर अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी आणि हार्ट असोसिएशनची २०१९ ची गाइडलाइन सापडली, त्यात ज्यांना हृदयाचा आजार झालेला नाही त्यांच्यासाठी अ‍ॅस्पिरिनवर तीन ओळी आहेत. एक, वय ४० ते ७०, हार्टचा धोका जास्त पण रक्तस्रावाचा नाही, तर 'देण्याचा विचार करता येईल', क्लास २बी, पुरावा ए. दोन, सत्तरीच्या पुढे सरसकट देऊ नका, क्लास ३ म्हणजे हानी, पुरावा बी. तीन, रक्तस्रावाचा धोका वाढलेला असेल तर कुठल्याच वयात नको, पुन्हा क्लास ३, आणि पुरावा सी.

म्हणजे पुरावा एक नंबर तिथे 'बघा बुवा', आणि पुरावा सगळ्यात लंगडा तिथे ठणकावून नाही? उलटं नको का? कोणी समजावेल का, आणि प्लीज 'डॉक्टरांवर विश्वास ठेवा' हे सोडून.

पीएसएमवाली
पीएसएमची, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याची रेसिडेंट आहे, हाच विषय रोज खाते, म्हणून लांबलचक लिहितेय.

तुम्ही दोन वेगळ्या फूटपट्ट्या एक समजताय. पुराव्याचा दर्जा म्हणजे 'जो आकडा मिळालाय तो खरा असल्याची आपल्याला किती खात्री'. शिफारशीचा जोर म्हणजे 'हे केल्याने फायदा तोट्यापेक्षा किती जास्त'. हवामान खात्याने पक्क्या खात्रीने सांगितलं की उद्या दोनच थेंब पडणारेत, तर तुम्ही छत्री न्याल का? कोणी नेईल कोणी नाही, पण अंदाज कच्चा होता असं तर नाही ना. आणि विहिरीत साप बघितला असं गावातला एकच माणूस सांगत असेल तरी पोरांना त्या दिवशी कोणी पोहायला सोडत नाही. तो साप म्हणजे तुमची तिसरी ओळ.

आता दोन थेंब किती ते बघा. २०१८ ला अ‍ॅस्प्री ट्रायल आली, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ लोक, बहुतेक सत्तरीपुढचे, अर्ध्यांना १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. हजार माणसं वर्षभर धरली तर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार अ‍ॅस्पिरिनवाल्यांत १०.७ आणि बाकीच्यांत ११.३, म्हणजे जवळपास सारखेच. मोठा रक्तस्राव मात्र ८.६ आणि ६.२. सत्तरीपुढची ओळ मुख्यतः इथून आली.

आणि जुन्या डॉक्टरांना दोष देऊ नका हं. त्यांच्या काळात हाताशी काय होतं? १९८९ ला छापलेला अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरचा अभ्यास, त्यात अ‍ॅस्पिरिनने हार्ट अ‍ॅटॅक ४४ टक्क्यांनी कमी झाले. ट्रायल उत्तम होती, पण ती माणसं वेगळी आणि तो जमाना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या, घरोघरी पोचायच्या आधीचा. पुरावा मोजायची 'ग्रेड' नावाची जी पद्धत जगभर चालते ना (तुमच्या गाइडलाइनची मोजणी वेगळी आहे, पण विचार तोच), तिच्यात याला सरळ नाव आहे, अप्रत्यक्षपणा. पुरावा खरा आहे पण तुमच्या पेशंटचा नाही. ग्रेडमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ट्रायल वरच्या पायरीवरून सुरू होते, नुसतं निरीक्षण खालच्या, आणि मग ट्रायलमध्ये गोलमाल असेल, अभ्यास एकमेकांशी भांडत असतील, आकडेवारी ढिली असेल, न आवडलेले निकाल कपाटात राहिल्याचा संशय असेल, किंवा हा अप्रत्यक्षपणा असेल तर एकेक पायरी खाली. उलट परिणाम फारच मोठा दिसला तर निरीक्षणसुद्धा वर चढतं.

खडूस_काका
वा वा, सगळं शास्त्रशुद्ध. मग हे पण सांगा की २००९ ला जामा मासिकात याच अमेरिकन हृदयवाल्यांच्या गाइडलाइन्स मोजल्या तेव्हा ए दर्जाच्या पुराव्यावर उभ्या असलेल्या शिफारशी ११ टक्के निघाल्या, आणि सी, म्हणजे बऱ्याचदा 'आम्हा तज्ज्ञांना असं वाटतं', त्या ४८ टक्के. दहा वर्षांनी परत मोजलं तर ए साडेआठ टक्के. पुढे जातोय का मागे?

शिवाय प्रत्येकाची बाराखडी वेगळी. या हृदयवाल्यांचा सी म्हणजे पुरावा पातळ. आणि तिथल्याच प्रतिबंधवाल्या टास्क फोर्सचा सी म्हणजे 'फायदा थोडाच, माणूस बघून ठरवा', तो पुराव्याचा शेरा नाहीच, शिफारशीचा आहे. त्यांनी २०२२ ला ४० ते ५९ वयाला अ‍ॅस्पिरिनसाठी सी दिला आणि साठीपुढे नव्याने सुरू करू नका म्हणून डी. सामान्य माणसाने काय डोकं फोडून घ्यायचं? आणि समितीत बसणारे कोणाच्या पैशाने परदेशवारी करतात ते वेगळंच.

लीड्सची_मावशी
काका, पैशाचं तुमचं अर्धं खरं आहे. मी इथे इंग्लंडात एका गाइडलाइन समितीत पेशंटांच्या बाजूची सामान्य सभासद म्हणून बसले होते (हृदयाची नव्हती). दर मीटिंगच्या सुरुवातीला कोणाचे कोणाशी हितसंबंध ते मोठ्याने वाचायचे, आणि एका विषयाला एका मोठ्या डॉक्टरांना चक्क बाहेर बसवलं, बिचारे कॉरिडॉरमध्ये कॉफी पीत होते. सगळीकडे इतकं कडक असतं असं नाही. पण जिच्यात कोणालाच फारसा पैसा नाही अशी ही जुनी स्वस्त गोळी, तिच्यासाठी कोण कट करणार?

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मला वाटायचं तज्ज्ञ जमतात आणि ठरवतात. तसं नाही, आधी प्रश्न बांधतात: कोणाला द्यायचं, काय द्यायचं, कशाशी तुलना, आणि कोणता परिणाम मोजायचा. या शेवटच्यावर आमचे दोन दिवस गेले. डॉक्टर मंडळी रिपोर्टमधले आकडे म्हणत होती आणि आम्ही दोघी सामान्य बायका म्हणत होतो की माणूस स्वतःचं स्वतः उठून संडासला जाऊ शकतो का ते मोजा. शेवटी ते यादीत आलं. मग प्रश्न कुलूपबंद, आणि त्यानंतर दोन माणसं वेगवेगळी बसून हजारो पेपर चाळतात, मतभेद झाला तर तिसरा.

पीएसएमवाली
मावशी, भारी! अ‍ॅस्प्रीमध्येही मुख्य परिणाम तोच होता, अपंगत्व आणि डिमेन्शिया न येता किती वर्षं जगलात. त्यात काही फरक पडला नाही.

काका, दर्जा घसरलेला दिसतो कारण दरवेळी बारीकसारीक नवीन प्रश्नही गाइडलाइनमध्ये येतात आणि त्यांवर ट्रायल नसते. पण तुमची चिडचिड रास्त आहे. आणि आकडे कसे फसवतात बघा, १९८८ ची आयसिस-२ ट्रायल, १७,१८७ हार्ट अ‍ॅटॅकचे पेशंट, अ‍ॅस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले. मासिकवाले म्हणाले छोट्या छोट्या गटांचं पण सांगा. संशोधकांनी खोडसाळपणे जन्मराशींचे गट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिन निरुपयोगी!

कृष्णाकाठचे, एक राहिलं. ट्रायल मुख्यतः 'सुरू करावी का' याच्या आहेत, 'दहा वर्षं चाललेली थांबवावी का' यावर पुरावा बराच कमी. म्हणजे बाईंनी नुसता कागद बघून बंद केली नसणार. बाबा अजून काय काय घेतात? आणि इतर कोणी वाचत असाल तर, स्टेंट किंवा अ‍ॅटॅक झालेल्यांनी हे वाचून गोळी थांबवायची नाही, तो सगळा हिशोबच वेगळा आहे.

कृष्णाकाठचा
छत्री आणि साप दोन्ही डोक्यात बसले, धन्यवाद. बाबांची रास तूळ, त्यांना सांगितलं तर खूश झाले.

काल बाबांना घेऊन परत गेलो आणि बाईंना सरळ विचारलं. त्यांनी फाइल उघडून दाखवलं, पहिल्या भेटीत त्यांनी बाबांना एकट्याला विचारलं होतं की गुडघ्याला काय घेता. दोन वर्षं मेडिकलमधून दुखण्याची गोळी, रोज एक, कधी दोन, आम्हाला घरात कोणालाच पत्ता नाही. अ‍ॅस्पिरिन आणि ती, दोन्हींनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे बाबा दुसऱ्या ओळीत होतेच, तिसऱ्या ओळीतही बसले होते. आता हिमोग्लोबिन करायला सांगितलंय. घरी येऊन बघितलं तर उशीच्या अभ्र्यात अजून एक पाकीट निघालं.