मदत हवी आहे: गोळी घेऊनही काही झालं नाही, आता कोणाला दाखवायचं?

गपगार_चिंचवड: नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या. पाच-सहा महिने झाले, संबंधाच्या वेळी ताठरता येतच नाही, आली तरी मध्येच जाते. मित्राने गोळी दिली ती पण घेऊन बघितली, शून्य फरक. म्हणजे आता गोळीनेही होणार नाही असंच ना? फॅमिली डॉक्टरला सांगायची सोय नाही, ते वडिलांचे मित्र आहेत. नक्की कुठल्या प्रकारच्या डॉक्टरकडे जायचं एवढंच सांगा, शनिवारी सुट्टी आहे.

निळा_डोंगर: वय? शुगर? सिगरेट-दारू? कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची? सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

तात्या_बार्शी: भाऊ टेन्शन घेऊ नका. लवकर आटपतं त्याला सोपा उपाय आहे, मध्येच थांबायचं, श्वास घ्यायचा, मग परत सुरू करायचं. महिनाभरात फरक पडतो, स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

गपगार_चिंचवड: तात्या, लवकर आटपायचा प्रश्नच नाहीये, सुरूच होत नाही. वय ४३. शुगर वगैरे काही नाही. सिगरेट दिवसाला सात-आठ. गोळी सिल्डेनाफिल ५०. मित्राकडे मटणाचं जेवण होतं, दोन पेग झाले होते, घरी येऊन घेतली. अर्धा तास टीव्ही बघत वाट पाहिली, काही झालं नाही, झोपलो.

औषधी_दुकान: २२ वर्षं केमिस्ट आहे, रोज कोणीतरी हळू आवाजात हेच विचारतं. गोळी फेल गेली म्हणू नका, तुम्ही तिला संधीच दिली नाही. सिल्डेनाफिल तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा चढते. हलक्या पोटी, साधारण तासभर आधी घ्यायची असते. त्यात दारूने ताठरता आणखी कमी होते. आणि गोळी घेऊन टीव्हीसमोर बसलं तर काही होत नाही, मनात इच्छा आणि स्पर्श लागतोच, गोळी फक्त तिकडे रक्त यायला मदत करते. टाडालाफिलला जेवणाचं फारसं बंधन नसतं, असर ३६ तासांपर्यंत राहतो. पण दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत, मित्राच्या पाकिटातली नाहीत. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट चालू असेल तर हात लावायचा नाही, बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर लाजत घरी बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

वनौषधी_रसिक: सगळं केमिकल. वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याचं शास्त्र, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, आपल्या लोकांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. अश्वगंधा, कवचबीज, शिलाजीत दुधातून घ्या, ९० दिवस.

औषधी_दुकान: मग वैद्याकडे जा म्हणा की, नाडी दाखवा, पथ्य पाळा. डोस इथे काय वाटताय? हायवेच्या तंबूतल्या अशा चूर्णांत गुपचूप सिल्डेनाफिल घातलेलं सापडलंय. हार्टचा पेशंट झाडपाला समजून ते खातो आणि वर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतो.

वनौषधी_रसिक: मी तंबूवाल्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. चांगल्या वैद्याकडे जावं हे मान्य.

कोकणकडा७: जरा अवांतर, पण र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि शंभर वर्षांनी आपण अजून नवीन आयडी काढून विचारतोय. वाईट वाटतं हो. धागाकर्त्याला दोष नाही.

मीरा_ठाणे: बायकोच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे दोन वर्षं हे चाललं होतं. हे पाठ करून झोपायचे, मी जवळ गेले की ऑफिसचा विषय काढायचे, मला वाटायचं मी आवडेनाशी झाले किंवा बाहेर कोणी आहे. रडून रडून एकदा विचारलंच तेव्हा कळलं. गपगारभाऊ, घरी सांगितलंय का? तुम्ही गप्प बसलात की ती स्वतःलाच दोष देत असणार.

निळा_डोंगर: शुगर नाही म्हणजे तपासली कधी? आणि सकाळचं सांगितलंच नाही. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?

गपगार_चिंचवड: तपासली नाही कधी, त्रास नाही म्हणून नाही म्हटलं. सकाळीही नसते. गोळ्या काही नाही, बीपीची अटेनोलॉल तेवढी तीन वर्षं चालू आहे, तिचा काय संबंध? जिना चढताना दम लागतो पण ते सिगरेटमुळे. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती ५२व्या वर्षी.

निळा_डोंगर: अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार, त्यामुळे चरबी साठायला लागली की बारीक नळी आधी बोंबलते आणि छातीत दुखायच्या काही वर्षं आधी इथे लक्षण दिसू शकतं, माझं अगदी असंच झालं, ४६व्या वर्षी हाच त्रास, मी टेन्शन म्हणून सोडून दिलं आणि ४८ला स्टेंट पडला. नुसतं टेन्शन असेल तर बहुतेकदा सकाळी ताठरता येते, तुमची तीही नाही. शनिवारी आधी फिजिशियन. उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, ईसीजी, आणि दम लागतो हे आवर्जून सांगा. टेस्टोस्टेरॉन सकाळीच तपासतात. मग युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या अशा तक्रारी बघणारा डॉक्टर. अटेनोलॉलने हा त्रास होऊ शकतो, पण मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील. गोळ्यांनी नाहीच भागलं तर व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांट, रस्ते संपत नाहीत.

तात्या_बार्शी: मी चुकीचं समजलो होतो, माफी. सिगरेट मात्र सोडाच.

गपगार_चिंचवड: अपडेट. शनिवारी रात्री बायकोला सांगितलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला वाटलं माझंच काही चुकलं. मीराताई, अगदी तुम्ही लिहिलंत तसं. सोमवारी सकाळी रक्त द्यायला तीच घेऊन गेली. एचबीएवनसी ८.६ आलंय, म्हणजे शुगर निघाली. ईसीजी ठीक, पण स्ट्रेस टेस्ट गुरुवारी आहे, ती होईपर्यंत सिल्डेनाफिल घ्यायची नाही म्हणालेत. बीपीची गोळी बदलली. मेटफॉर्मिन दिलंय, ते जेवणाआधी की नंतर, विचारायचं राहिलं.

औषधी_दुकान: जेवणाबरोबर. चिठ्ठीवर वेळ लिहिली असेल तर तीच पाळा. गुरुवारचं कळवा.