पऱ्हाटी आणि अब्राहम लिंकन

‘अमेरिकेच्या यादवी युद्धाशी आपला काय संबंध?’ असं कुणीतरी विचारलं. आम्ही वऱ्हाडातले, त्यामुळे राहवलं नाही.

१८६१ ते १८६५ हे युद्ध चाललं. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांची बंदरं अडवली, अन् इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेना. तोवर त्यांचा बहुतेक माल गुलामांच्या हातून वेचलेला, तिकडूनच यायचा. मग नजर वळली हिंदुस्थानाकडे. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलं होतं. भाव कडाडले, पेरा वाढला. युद्ध संपलं तसे भाव कोसळले, पण कापूस मात्र इथंच ठाण मांडून बसला. १८७० मध्ये तर खामगावच्या बाजारासाठी जलंबहून रेल्वेचा खास फाटा टाकला.

गंमत म्हणजे तिकडच्या कामगारांना आपला कापूस नकोसा! धागा आखूड, सारखा तुटायचा, वर कचरा. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, बोंड हातात धरून वेचलं की वाळलेल्या पानाचा चुरा कसा रुईला चिकटून येतो, हे ज्यानं वेचणी केली त्यालाच ठाऊक. माझी आजी सांजच्याला ओटीतला कापूस सुपात घेऊन तोच चुरा निवडत बसायची.

तरी गिरण्या बंद पडून उपाशी राहिलेल्या मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध उभ्या ठाकलेल्या लिंकनलाच पाठिंबा कळवला, अन् जानेवारी १८६३ मध्ये त्यानं त्यांना उत्तरही लिहिलं. शाळेच्या पुस्तकात हे कुठं होतं बाप्पा?